चार दिवसांची गोधडी

२० डिसेंबर

ती. ताईस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

मी खुशाल, आई खुशाल, फक्त आपल्या घरात कालपासून दोन पक्ष पडले आहेत. शाळा दहा दिवस बंद. माझ्या प्रयोगशाळेतल्या बरण्या पुसल्या, कुलूप लावलं आणि घरी येऊन जाहीर केलं की या सुटीत मी तीन गोधड्या शिवणार. एक मला, एक तुला आणि एक वरच्या मजल्यावरच्या नर्सकाकूंच्या नातवाला. दहा दिवसांत तीन! आईच्या हातातली कात्रीच खाली पडली. खरंच पडली, फरशीचा टवका उडालाय.

नर्सकाकू निवृत्त झाल्यापासून शिवणाच्या नादी लागल्या आहेत आणि त्यांच्याकडे एकेक युक्त्या आहेत. चौकोन एकेक करून कापत बसायचेच नाहीत. आधी लांब पट्ट्या मशीनवर एकमेकींना जोडायच्या, मग त्या जोडलेल्या कापडाचे आडवे तुकडे करायचे, की रंगीत चौकोनांची ओळच हातात येते. कच्च्या टाक्यांऐवजी सेफ्टी पिना. आत भरायला जुनं ब्लँकेट. काठाला वेगळी पट्टी नाही, मागचंच कापड पुढे दुमडायचं आणि शिलाई मारायची. काल दुपारी बसले ती संध्याकाळपर्यंत निम्मी गोधडी जोडून मोकळी झाले. आईने ती दोन बोटांत उचलून पाहिली आणि म्हणाली की याला गोधडी म्हणायचं तर पायपुसण्याला गालिचा म्हणावं लागेल. रात्री ताट उचलून पलीकडच्या खोलीत जाऊन जेवली.

आज ती तिच्या गोधडीच्या शिवणवर्गातल्या मैत्रिणीकडे राहायला गेली, सव्वीसला येईल. म्हटलं, तेवढ्यात तिचा राग घालवायचं काहीतरी करावं. तिची ती प्रदर्शनात बक्षीस मिळालेली पांढरी गोधडी आहे ना, तिला चोवीस वर्षांत पाण्याचा थेंब लागलेला नाही. नुसती झटकायची, उन्हात टाकायची आणि परत पलंगावर. धुण्याचं नाव काढलं की आई अंगावर येते. ती यायच्या आत मी ती धुऊन वाळवून अंथरणार आहे. बघच कशी खूश होते ती!

तुझ्या गोधडीला रंग कोणते हवेत ते कळव. शिवणाचं नाव काढलं की तू विषय बदलतेस, पण पांघरायला तर काही हरकत नाही ना?

माया आहे तेवढी सगळी पाठव, पोस्टाने उशिरा आली तरी चालेल.

तुझी,
भिंगरी


२३ डिसेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऑफिसात डबा खाताना उघडलं आणि घास हातातच राहिला. पाणीपुरवठ्याच्या खिडकीत बसून मी दिवसभर लोकांच्या तक्रारी लिहून घेते, मला सहसा कशाचं काही वाटत नाही. पण पट्ट्या आधी जोडून मग आडव्या कापायच्या, हे वाचलं आणि माझे कान गरम झाले.

ही युक्ती नर्सकाकूंना आज सापडली असेल. मला ती सतराव्या वर्षी सुचली होती, कुणी न शिकवता. तू तेव्हा नऊ वर्षांची, तुला नुसता आरडाओरडा आठवत असेल. परीक्षा संपल्यावर आईला चकित करायचं म्हणून मी चार दिवसांत अख्खी मोठी गोधडी शिवली होती. शाळेचे निळे शर्ट, जुने पिवळे पडदे, उशांचे अभ्रे, हाताला लागेल ते. घाईत एका शर्टाचा खिसा उसवायचा राहिला, तो तसाच पट्टीत शिवला गेला. आईचा वर्ग भरला होता. तिने बारा बायकांसमोर तो खिसा उचलून दाखवला आणि म्हणाली की माझ्या थोरलीच्या हाताला शिवण नाही, नुसती घाई आहे. बायका हसल्या. संध्याकाळी गोधडी कुठे म्हणून विचारलं, तर चिंध्यावाल्याला देऊन टाकली म्हणाली.

त्या दिवसापासून मी सुई धरलेली नाही. बटण तुटलं तरी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जाते. तो हल्ली हसतो, पण लावून देतो. तू मला नेहमी विचारतेस ना, की घरी येतेस ती सकाळच्या गाडीने आणि जातेस संध्याकाळच्या, मुक्काम का करत नाहीस म्हणून. त्या घरात निजायचं तर पांघरायला तीच पांढरी गोधडी पुढे येते, जिला त्याच महिन्यात पहिलं बक्षीस मिळालं. मला नाही पांघरवत ती.

असो. तू शिव, भरपूर शिव, आणि आईचं मनावर घेऊ नकोस. फक्त ती पांढरी धुऊ नकोस. तिचं काही बरंवाईट झालं तर आई तुला फाडून खाईल आणि मला सोडवायला यावं लागेल.

रागावले तरी तुझीच आहे, हे विसरू नये.

ताई


२६ डिसेंबर

ताई गं,

सा. न. वि. वि. आणि बाकी काही लिहायचं सुचत नाहीये. तुझं पत्र आज सकाळी अकराला आलं. मी गोधडी दहाला धुतली.

नीट सांगते, नाहीतर तुला वाटेल माझं डोकं फिरलंय. इतके दिवस ढगाळ होतं, ऊन आजच पडलं, म्हणून नर्सकाकू आणि मी दोघींनी मिळून ती पिळली आणि गच्चीवर दोन दोऱ्यांवर पसरली. वरचं पांढरं कापड ओलं होऊन आतल्या थराला चिकटलं आणि त्याच्या आतून रंग दिसायला लागले. निळा, पिवळा, परत निळा. चौकोन! अगदी ओळीने, एका रेषेत. काकू म्हणाल्या की आईंनी आत जुनी गोधडी भरलेली दिसते, हुशार बाई. मला तोवर काहीच कळलं नव्हतं. मी हसत खाली आले, तर दारात पोस्टमन. तुझं पत्र जिन्यात उभ्यानेच वाचलं आणि निळे शर्ट आणि पिवळे पडदे इथपर्यंत आले, तसं ते परत पहिल्यापासून वाचलं.

मग मी जे केलं ते बरोबर की चूक, मला माहीत नाही. वर जाऊन कोपऱ्यातली वीतभर शिवण उसवली, हात आत घातला. मधोमध नव्हता, डाव्या काठाजवळ होता. खिसा. वरची झडपसुद्धा आहे. मी बोट घालून पाहिलं, आत काही नाही, नुसता खिसा आहे. ताई, ती तुझी गोधडी आहे. अख्खी. खालचं राखी कापड आईचं, वरचं पांढरं आणि त्यावरची हाताने शिवलेली पानं आईची, आणि मधे सगळी तू. चिंध्यावाला वगैरे कुणी आलाच नव्हता.

त्या प्रदर्शनातला परीक्षकांचा शेरा आईने फ्रेम करून लावलाय, तो मी लहानपणापासून वाचत आले आहे. त्यात पानांबद्दल एक ओळ आहे. बाकी चारही ओळी आतल्या भरणीबद्दल आहेत, की इतकी सपाट आणि एकसारखी गोधडी पाहिली नाही, कुठे गोळा नाही, कुठे ताण नाही. आज परत वाचल्या. ते बक्षीस कुणाचं होतं गं?

आई दुपारी आली. गोधडी दोरीवरच होती. ती गच्चीच्या दारात उभी राहिली, पिशवी खाली ठेवली नाही, काही नाही. मग तशीच खाली गेली आणि तिच्या खोलीचं दार लावून घेतलं. मला भीती वाटतेय. तू काहीतरी कर. आपल्यापैकी शहाणी तूच आहेस.

तुझी,
भिंगरी


२९ डिसेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

भिंगरीचं पत्र काल मिळालं. मी ते चारदा वाचलं आणि मग रजा टाकून घरी आले, कारण खिडकीत एक माणूस नळाला गढूळ पाणी येतं म्हणून सांगत होता आणि मला रडू आवरेना. तो बिचारा घाबरून उद्या येतो म्हणाला. दुसऱ्यांच्या तक्रारी लिहिण्यात माझी वीस वर्षं गेली. स्वतःची आज पहिल्यांदा लिहिते आहे, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाल, किंवा घालू नकोस.

तू माझी गोधडी नाकारलीस, एक वेळ ते सोसलं. आईला मुलीचं काम आवडलं नाही, असं होतं. पण तुला ती आवडली होती! इतकी आवडली होती की तिच्यावर तू आपलं नाव लावलंस. आणि त्याच तोंडाने मला सांगितलंस की माझ्या हाताला शिवण नाही. मी विश्वास ठेवला. एक्केचाळीस वर्षांची झाले, माझ्या घरात सुईदोरा नाही. मला वाटायचं काही माणसांना गाता येत नाही तशी मी, हातांचीच खोट. मी माझ्या हातांची लाज बाळगली आई, लोकांसमोर साधी पिशवी शिवायची वेळ आली तर काहीतरी निमित्त काढून उठून जायचे. तुला हे दिसत होतं. आणि तू रोज ती पांघरून झोपत होतीस. कसं जमलं तुला?

मला स्पष्टीकरण नको. मला माझी गोधडी परत हवी. तुझं पांढरं काढ आणि राखी काढ, कात्री लावून टरकावू नकोस, एकेक टाका उसव. माझ्या कापडाला एक भोक पडता कामा नये. झाली की पार्सलने पाठव. खर्च मी देईन.

तब्येतीला जप, हेही मनापासूनच लिहिते आहे.

थोरली


९ जानेवारी

चि. थोरलीस,

आशीर्वाद लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही हे तू ठरव. मी लिहून ठेवते, अनेक आशीर्वाद.

तुला स्पष्टीकरण नको आहे. मला द्यायचं आहे, एवढं ऐकून घे. प्रदर्शन सहा दिवसांवर आलं होतं. माझी पानं शिवून झाली होती, पण भरलेल्या कापसाचे गोळे झाले, सगळं पुन्हा करायला महिना लागला असता. तुझी गोधडी मी चिंध्यावाल्याला दिली नव्हती, कपाटात टाकली होती. नुसतं माप बघावं म्हणून पांढरं कापड तिच्यावर पसरलं. बोटभरसुद्धा कमीजास्त नव्हतं. मी माझ्या मनाला सांगितलं की जुनी गोधडी आत भरतातच, त्यात काय मोठं. परीक्षकबाईंनी तिच्यावरून हात फिरवला आणि भरणी कशी केली ते विचारलं. तेव्हा खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. आभार मानून बंद केलं. त्यानंतर दर वर्षी ते सांगणं जास्त अवघड होत गेलं, आणि धुणं तर शक्यच नव्हतं.

पण चोरी त्याच्याही आधीची आहे. त्या दिवशी वर्गात तुझी गोधडी उलगडली तेव्हा मला धक्काच बसला होता. माझं चार महिन्यांचं काम पोरीने चार दिवसांत केलं होतं, आणि माझ्यापेक्षा सरळ. बारा बायका माझ्याकडे बघत होत्या. मला तो खिसा दिसला आणि मी त्याला धरून लटकले. मुलीचा हेवा करणारी आई असते, हे मला माझ्याबद्दल तेव्हा कळलं. तुझ्या हातात कधीच खोट नव्हती. खोट माझ्यात होती, आणि ती मी तुझ्या गळ्यात बांधली.

सोमवारी वर्गात सगळं सांगितलं. भिंगरी नको नको म्हणत होती. सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी पिशवी उचलून निघून गेली, ती आलेली नाही. दोघी रडल्या. बाकीच्यांनी विचारलं की पट्ट्यांची ती पद्धत थोरली शिकवेल का. मी म्हटलं, ते तिला विचारा, माझ्याकडे तेवढं तोंड नाही.

उसवायला आठ दिवस लागले. भिंगरीने शिवण उसवायचं ते नवं पात्याचं हत्यार आणून दिलं, सर्रकन निघतं म्हणाली. मी ते घेतलं नाही. सुईच्या टोकाने एकेक टाका उचलला, भोक कुठेही पडलेलं नाही, भिंग लावून तपासलं आहे. निळा रंग होता तसाच आहे. खिसा तसाच ठेवला आहे.

पार्सलने पाठव म्हणालीस, ते मात्र करणार नाही. पार्सल करणं फार सोपं आहे गं. या गोधडीच्या बाबतीत मी एकदा सोपं ते करून बसले आहे. तुझ्या हातात द्यायची आहे आणि देताना तू माझ्याकडे जसं बघशील तसं बघून घ्यायचं आहे. येऊन घेऊन जा. नाही आलीस तर मी घेऊन येते, दारातूनच परत फिरेन.

माया मागायची माझी पायरी नाही, तरी वाट बघते आहे.

आई


१२ जानेवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेले. बटण लावून घ्यायला नाही, सुई आणि दोरा मागायला. तो इतका चकित झाला की पैसे घ्यायचे विसरला. घरी येऊन कोटाचं बटण लावलं. जरा वाकडं लागलं आहे, पण ओढून पाहिलं, निघत नाही. मग बराच वेळ माझे हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत बसले. बरे आहेत गं. चांगले आहेत.

राग गेलेला नाही. तो बरोबर घेऊनच येणार आहे, त्याला काही वेगळं तिकीट पडत नाही. तू दारातून परत फिरायची गोष्ट मात्र करू नकोस, या वयात स्टेशनचे जिने चढताना पडलीस तर तो दोषही माझ्याच माथी यायचा. वर्गातल्या बायकांना सांग, शिकवण्याचं मी काही ठरवलेलं नाही. भिंगरीला सांग, तिच्या तीन गोधड्यांपैकी माझी आता नको. नर्सकाकूंना दे म्हणावं.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. परतीचं तिकीट काढलेलं नाही. तू दार उघडशील तेव्हा काही बोलू नकोस, मीही बोलणार नाही. आधी मला माझी गोधडी बघू दे.

थोरली