घंटेनंतर आलेला

४ ऑक्टोबर

पोचले एकदाची. बसवाल्याने गाडीरस्ता संपतो तिथे उतरवलं आणि विचारलं, की चांगल्या घरच्या बाईला या डोंगरात भांडी घासायला कुणी पाठवलं? मी म्हटलं, हौस. तो मान हलवत निघून गेला. त्याच्या हिशेबी मी वेडी, आणि त्याचं अगदीच चूक नाही म्हणा.

पुढचा पायी चढायचा रस्ता मात्र देखणा आहे. दोन्ही बाजूंना उंच सरळसोट झाडं, शेवाळलेले कठडे, वळणावळणावर जुने मठ. बहुतेकांची छपरं कधीच गेलीत. सगळ्यात वरचा तेवढा शाबूत आहे आणि तिथे आता वाटसरूंचा मुक्काम असतो. त्याची नवी राखणदार मी. स्वयंपाक करायचा, पांघरुणं झटकायची, संध्याकाळी दार लावायचं.

आज मला फार प्रसन्न वाटतंय, आणि ते झाडांमुळे नाही. तीन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ या रस्त्यावर हरवला. त्याला आणणाऱ्या वाटाड्याने हात झटकले. पोरगं ऐकत नव्हतं, एकटंच कुठेतरी भरकटलं म्हणाला. तो वाटाड्या अजून इथेच माणसं फिरवतो. लग्नामुळे माझं आडनाव बदललंय, त्यामुळे आमचं नातं इथे कुणाला ठाऊक नाही. मला त्याचा सूड घ्यायचाय. कसा, ते अजून ठरलेलं नाही.

६ ऑक्टोबर

जुनी राखणदार मावशी आज काम सोपवून खाली गेली. गुडघे गेलेत तिचे, जीभ मात्र शाबूत. चुलीत धूर कसा कोंडतो इथपासून कुठल्या पाहुण्याला जास्त वाढायचं नाही इथपर्यंत सगळं सांगितलं.

मग घंटेचं. संध्याकाळी वाटाड्या आपली माणसं बघून ‘सगळे आत’ म्हणतो. राखणदार घंटा वाजवते आणि दाराला कडी घालते. त्यानंतर सकाळपर्यंत दार उघडायचं नाही. बाहेरून कुणीही हाक मारो, ओळखीच्या आवाजात मारो, नाव घेऊन मारो. घंटेनंतर येतं ते माणूस नसतं. फार पूर्वी मठातल्यांनी दया येऊन एकदा उघडलं म्हणे. सकाळी दार सताड उघडं, पानं वाढलेली, आत कुणी नाही.

मी हसले. मावशी हसली नाही. तीन वर्षांपूर्वीचं तिने आपणहून सांगितलं. धुकं होतं, वाटाड्याला थंडी वाजत होती, त्याने मागे न बघताच ‘सगळे आत’ म्हटलं. तिने घंटा वाजवली. थोड्या वेळाने दार वाजलं. एक पोरगा रडत हाका मारत होता. मावशी उठली, तर वाटाड्या दाराला पाठ लावून उभा राहिला. घंटा झालीये, म्हणाला. पोरगा बराच वेळ हाका मारत होता. मग थांबला.

मी तिच्यासमोर कांदे चिरत होते, हे बरं झालं.

९ ऑक्टोबर

वाटाड्या आला. हसतमुख, बोलघेवडा, म्हाताऱ्या पाहुण्यांची ओझी स्वतः उचलणारा. माझ्या हाताला चव आहे म्हणाला. भांडीही घासू लागला. त्याला नुसता पाहून कुणालाही तो आवडेल, आणि याचाच मला जास्त राग आला.

जेवणानंतर पाहुण्यांनी गोष्ट सांगा म्हणून गळ घातली. त्याने मठाची जुनी गोष्ट रंगवली आणि पुढे एक नवी जोडली. धुक्यात हरवलेलं एक पोरगं अजून अधूनमधून दार वाजवतं. त्याने टेबलावर टकटक करून दाखवली. बायका किंचाळल्या, मग सगळे हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा भाऊ याच्या जेवणानंतरची करमणूक झालाय. सूड कसा घ्यायचा ते आता ठरलंय.

१५ ऑक्टोबर

मोसम संपला. पाहुणे गेले. वाटेवरच्या पाट्या आणि दोर काढायला वाटाड्या एकटाच वर येणार आहे, मुक्कामाला इथेच. त्याने निरोप पाठवला, गरम काहीतरी करून ठेवा.

ठेवते.

१७ ऑक्टोबर, दुपार उलटल्यावर

धुकं उतरलंय. तो खालच्या वळणावर दिसला, खांद्यावर दोर. तो कठड्यापाशी येईपर्यंत थांबले. मग घंटा वाजवली. कडी घातली.

आधी तो हसला. नवीन आहात, गडबड झाली, उघडा म्हणाला. मी दाराला तोंड लावून सांगितलं मी कुणाची बहीण ते.

मग तो रडायला लागला. त्याला तेव्हाही कळलं होतं म्हणाला, तो पोरगाच आहे. आवाज ओळखला होता. पण सगळ्यांसमोर चूक कशी कबूल करायची, म्हणून घंटेचं निमित्त केलं. माणूस होता, बाई, माणूसच होता, असं म्हणत राहिला.

म्हणजे उघडलं असतं तर भाऊ वाचला असता. मी चुलीपाशी येऊन बसले. बसू दे त्याला बाहेर.

नंतर

दार जोरजोरात वाजवतोय. म्हणतो, रस्त्याने कुणीतरी वर येतंय.

थापा.

आता माझ्या पाया पडतोय. सकाळी पोलिसांत जाऊन सगळं सांगेन म्हणतो. जवळ आलंय म्हणतो. बारकं आहे, ओलं आहे म्हणतो —

थांबला. किंचाळला नाही. बोलता बोलता मध्येच थांबला.

उघडून बघू का? नको.

अंधारून येताना

दार वाजलं. हळू.

तायडे म्हणाला. ही हाक फक्त माझा भाऊच मारायचा. चिडवायला, शेवटचं अक्षर ओढून. तसंच.

रडले. दाराला कपाळ टेकवून विचारलं, थंडी वाजते का? आता नाही वाजत म्हणाला.

वाटाड्या कुठे आहे विचारलं. इथेच आहे, आमचं मिटलं आता, म्हणाला.

कडीला हात घातला होता. उघडणारच होते. मी काही त्या रात्री दार न उघडणाऱ्यांसारखी नाही —

तेवढ्यात त्याने विचारलं, आज घंटा कुणी वाजवली?

मी म्हटलं, मी. तुझ्यासाठी.

मग त्याने पुढचं विचारलं.

बाहेर माणूस होता हे तुला माहीत होतं का?

हो म्हटलं. खोटं बोलता येईना —

त्याने हाका मारल्या का?

हो.

मग?

दारापासून लांब आलेय. पुन्हा विचारतोय. तायडे म्हणत नाहीये आता. राखणदार म्हणतोय —

कडी आतून आहे. मीच घातली. कुणी हात लावत नाहीये, तरी ती —