शिंप्याची अनामिका

प्रिय कोकीळ,

या नावाने तुला हाक मारणारं आता कुणी उरलं नसेल. मेडिकल कॉलेजच्या जिन्यावरून घसरून तू माकडहाडावर आपटलास आणि मग किती तरी दिवस उशी काखोटीला मारून लेक्चरला येत होतास. त्या हाडाचं नाव, कॉक्सिक्स, मुळात ग्रीक कोकिळेचं, कारण ते तिच्या चोचीसारखं दिसतं, हे मी शेजारच्या बाकावरून तुला सांगितलं. मागच्या बाकांनी ते ऐकलं आणि तुझं बारसं तिथल्या तिथे उरकलं. कोकिळा अंडी कुठे घालते, याचा विचार तेव्हा कुणाच्याच डोक्यात आला नाही.

शब्दांचं हे वेड आपल्या दोघांचं. स्नायूला लॅटिनमध्ये ‘छोटा उंदीर’ म्हणतात हे तू शोधून आणलंस आणि आठवडाभर दंड फुगवून मला उंदीर दाखवत फिरलास. मी तुला ‘धमनी’ दिली. फुंकणे या अर्थाच्या धातूवरून आलेला शब्द, कारण जुन्या लोकांना वाटायचं की तिच्यातून वारा वाहतो. ग्रीकांचीही हीच समजूत होती. दोन भाषांनी एकच चूक केली म्हणून आपण किती हसलो होतो. तू म्हणाला होतास, एकदा नाव पडलं की चूकसुद्धा अमर होते. ते वाक्य मी त्याच दिवशी डायरीत उतरवून ठेवलं. तेव्हा ते मला फार आवडलं होतं.

‘अनामिका’ हा शब्दही त्याच दिवसांतला. करंगळीशेजारचं बोट, जिला नाव नाही ती. मी बाबांच्या दुकानात मागच्या खोलीत बसले होते. शिलाई थांबवून ते रोजच्यासारखे डोळे मिटून, दोन्ही हात पुढे पसरून पाठ मोकळी करत होते. बाकीची बोटं सरळ राहिली आणि उजव्या हाताची अनामिका तेवढी हळूहळू वाकत तळव्याकडे गेली. डोळे उघडले की पुन्हा सरळ. मी त्यांना पुन्हा पुन्हा डोळे मिटायला लावलं. शेवटी ते वैतागले, म्हणाले, गिऱ्हाईक खोळंबलंय, तुझा खेळ पुरे. पुस्तकांत शोधलं, कुठेच काही सापडलं नाही. मग कॅन्टीनमध्ये तुला सांगितलं. तुला, कारण दुसऱ्या कुणाला सांगावं असं मनातही आलं नाही.

तू दुकानात आलास. बाबांनी तुला ओळखलं, कारण तुझ्या मुलाखतीचा कोट त्यांनीच शिवला होता. तुझा डावा खांदा उतरता आहे हे तुझ्या आईच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यांनी एका नजरेत ते हेरलं आणि आतून अस्तराखाली पट्टी घालून खांदे सारखे केले. तुला त्यांनी ते कधी सांगितलं नाही. उगाच कशाला पोराला लाजवायचं, म्हणाले. तू त्यांचा हात हातात घेतलास, डोळे मिटायला सांगितलंस, सुई टोचून पाहिलीस, प्रकाशात फोटो काढलेस. घाईत निघून गेलास. बाबा मशीनवर बसले आणि पायडल मारायच्या आधी एवढंच बोलले:

“हुशार आहे गं तुझा मित्र. नाव नाही विचारलं माझं.”

तुझा लेख मी ग्रंथालयात उभ्या उभ्या वाचला. ‘हाताने काम करणारा एक वृद्ध पुरुष.’ हे प्रथम तुला ‘नियमित तपासणीत’ आढळलं होतं म्हणे. पुढच्या आवृत्तीत पाठ्यपुस्तकाने बोट वाकण्याच्या त्या रोगचिन्हाला तुझं आडनाव दिलं. मी भांडायला निघाले होते. बाबा म्हणाले, जाऊ दे, बोट माझ्याच हाताला आहे ना अजून? नंतर ते बोट सुई धरेना, मग हात, मग सगळंच. मातीला तू आला नाहीस. त्या आठवड्यात परदेशात तुझ्याच चिन्हावर तुझं भाषण होतं.

बाबांचं ‘जाऊ दे’ त्यांच्या हयातीत मी पाळलं. पुढेही पाळायला मी बांधलेली नव्हते.

पाठ्यपुस्तकाच्या परिभाषा समितीवर मला घेतलं तेव्हा मी पहिल्याच बैठकीत ठराव मांडला: रोगांना आणि चिन्हांना माणसांची नावं नकोत. कुणी पाहिलं ते नको, काय दिसतं ते सांगा. मुद्दा शास्त्रीय होता आणि अजूनही मला तो पटतो. पण तो मला नेमका तेव्हाच का सुचला, हे मी स्वतःपासून लपवलेलं नाही. भल्या भल्या माणसांची नावं त्यात गेली. आयुष्यभर रोग्यांच्या उशाशी बसलेली, कुणाचं काही न चोरलेली माणसं. एका ढेकणापायी मी घर जाळलं. त्यांचं वाईट वाटतं. तुझं वाटत नाही. वाटतं का, म्हणून मी प्रामाणिकपणे तपासून पाहिलं.

तुझं चिन्ह चर्चेला आलं तेव्हा मात्र मी नियमाप्रमाणे वागले. रोगी माझे वडील होते आणि चिन्ह प्रथम मी पाहिलं, एवढं सांगून बाहेर गेले. दाराआड कानही दिला नाही. व्हरांड्यात कुंडीतली वाळलेली पानं तोडत बसले. मत द्यायचा मोह झाला असता, म्हणून नव्हे. माझ्या सुडात खोट निघायला नको होती म्हणून. थोड्या वेळाने अध्यक्षबाई दार उघडून म्हणाल्या, या, तुमच्या वडिलांचं झालं. गुडघ्याच्या सुजेला मोलकरणीचा गुडघा म्हणतात ना, तशी ही ‘शिंप्याची अनामिका’. एकमताने.

नवी आवृत्ती तुझ्या विभागात पोचली असेल. तुझं आडनाव तळटीपेतही नाही. मी प्रूफं दोनदा पाहिली. हे तुला पुस्तक उघडल्यावर कळलंच असतं, त्यासाठी पत्राची गरज नव्हती. पत्र लिहिलं ते पुढच्यासाठी. तू वर्गात हात पसरून दाखवशील, डोळे मिटशील, बोट वाकवशील. आणि आपल्यासारखं शब्दांचं वेड असलेलं कुणी तरी मागच्या बाकावरून विचारेल, सर, शिंपी कोण? त्याचं नाव काय? दरवर्षी विचारेल. नाव मी कुठे छापलेलं नाही, समितीलाही सांगितलेलं नाही, आणि इथेही लिहीत नाही. तुला ते हवं असेल तर माझ्या दारात येऊन विचारावं लागेल. तोवर वर्गापुढे उभा राहा, आणि सांग की तू विचारलं नव्हतंस.

तुझीच,
शिंप्याची मुलगी