तीन नावं आणि निखारा

बाबा,

तुम्हाला जाऊन परवा वर्ष झालं. वर्षभर मी तुम्हाला काहीच लिहिलं नाही. उत्तर येणार नाही, हे मला कळतं. आज लिहितेय, कारण मी घाबरले आहे आणि ते आईला सांगता येत नाही.

परवा दुपारी ड्यूटीवरून अल अमेरातच्या घरी आले. प्लांटवर खिशाला लावायचा गॅस मीटर परत द्यायचा राहिला होता, बॅगेतच होता. दार उघडलं आणि तो ओरडायला लागला! आकडा एकशे दहा. आमच्याकडे पस्तीसला पहिला अलार्म वाजतो. कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना वास, ना रंग.

आई तुमच्या फोटोसमोर बसली होती. वर्षश्राद्धाचं पान वाढलेलं, आणि शेजारी तुमचा हुक्का, पेटवलेला. धुळीमुळे खिडक्या बंद, एसी चालू.

"आई, ऊठ! बाहेर चल!"

"अगं, किंचाळतेस काय? त्यांना आवडायचा म्हणून सकाळपासून विझू दिला नाही. पाण्यातून गाळून येतो धूर, तेच सांगायचे ना? डोकं तेवढं जड झालंय. रडले म्हणून असेल."

रडले म्हणून! बाबा, मी तिला ओढतच जिन्यात आणलं. हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन दिला. ती आता ठीक आहे. 

तुम्हाला हुक्क्याच्या नावाचं केवढं कौतुक! खाबुऱ्याच्या वर्कशॉपमधले तुमचे ओमानी फोरमन सालिमभाई घरी आले की हा विषय ठरलेला. ते सांगायचे, हुक्का हा अरबी शब्द, म्हणजे डबी, छोटं भांडं. शीशा म्हणजे काच. तो फारसीतून आला. मग तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणायचात, "और नारगीला? वो तो हमारा नारियल है, सालिमभाई! पहले करवंटी में ही पानी भरते थे. नाम हमारे कोकण से आया!"

"खलास," ते हसायचे, "फिर तंबाकू भी वहीं से मँगाओ."

परवा मी पहिल्यांदा नीट विचार केला. तिन्ही नावं पाण्याच्या भांड्याची. निखाऱ्यावरून कुणी नाव ठेवलंच नाही. आणि हा वायू येतो निखाऱ्यातून. पाणी त्याला अडवत नाही. हे शिकून मला चार वर्षं झाली होती. तुम्हाला एकदाही का सांगितलं नाही मी? तुम्ही रागवाल म्हणून? की हसाल म्हणून?

शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, हुक्का ओढून झाला की तुम्हीही म्हणायचात, डोकं जड झालंय, उन्हाने असेल. बाबा, तुम्ही तरी एकदा खिडकी उघडायची होती! तशाच एका शुक्रवारी, त्याच बंद खोलीत, तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी पुढे काही विचारलं नाही. तुमच्या रक्तात तो वायू होता का, ते मोजायला आता काही उरलेलं नाही.

हॉस्पिटलमधून येताना टॅक्सीत आई म्हणाली, "म्हणजे तुझे बाबा..." आणि बाहेर बघत राहिली. मी फोन काढून त्यात डोकं घातलं.

ते वाक्य ती कधीतरी पुरं करेल. तेव्हा मी उठून जाणार नाही. तिला बरं वाटावं म्हणून "नाही"ही म्हणणार नाही. तुम्ही कशाने गेलात ते मला माहीत नाही, हे सांगेन. आणि धोका ठाऊक असून तुमच्याशी कधी बोलले नाही, हेही सांगेन.

तुमची,
सायली