मेंदीखालची निळी चंद्रकोर

प्रिय अक्का,

ठक्, ठक्-ठक्, ठक्... पाझर तलावाच्या कामावर खडी फोडणारा तुझा हातोडा परवा मला स्वच्छ ऐकू आला, तोही कळंबच्या दवाखान्यात! डॉक्टरीणबाईंनी बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला होता. त्या यंत्राच्या टिकटिकीत तूच होतीस. म्हणून आज लिहायला बसलो.

मलाही आता घरी ऑक्सिजन लागेलसं दिसतं. पण बाई म्हणाल्या, "नुसता दम लागतो म्हणून लिहून देता येत नाही. बरे असताना, नाकातली नळी काढून, स्वस्थ बसवून बघायचं. काही आठवड्यांनी पुन्हा. दोन्ही वेळा कमी भरला, तरच." मी ठणठणीत दिसावं म्हणून शाळेतली कविता सुरू केली. "आजोबा, कविता नंतर. आधी गप बसा!" तू केवढी हसली असतीस!

दुष्काळाचं ते साल आठवतं? मी नवा मास्तर. संध्याकाळी ओट्यावर कविता घोकायचो, आणि दुसऱ्या दिवशी तू तिच्याच तालावर दगड फोडायचीस. बाया म्हणायच्या, "मास्तरची भन शाळाच घेऊन आली की गं!" पांढरी धूळ तुझ्या पापण्यांवर बसायची. मला ते चांदणं वाटायचं. तेच चांदणं तुझ्या छातीत साठत होतं, हे कुणाला ठाऊक?

पुढं काही वर्षांनी कविता म्हणताना तुला ओळीच्या मध्येच थांबावं लागू लागलं. धाराशिवच्या डॉक्टरांकडं नेलं, तर तू निघालीस कशी? पंचमीची मेंदी बोटं बुडवून नखांपर्यंत, आणि तोंडात विडा! डॉक्टर हैराण. "बाई, ओठ लाल, नखं लाल. निळेपणा दिसला तर ऑक्सिजन लिहीन ना! मेंदी उतरू द्या, मग या."

"दवाखान्यात काय बापुडवाणी येऊ? माणसानं धड होऊन यावं!" तू फणकारलीस.

का गं अक्का? दुखणं झाकायला कुणी शिकवलं तुला? पुढचे दिवस तू उशांना टेकून, बसल्या बसल्या श्वास वेचत काढलेस. मी रोज तुझी नखं बघायचो. मेंदी वर सरकत होती, आणि खालून हळूहळू निळसर चंद्रकोर उगवत होती. असली चंद्रकोर कुठल्या कवितेत नव्हती!

डॉक्टरांनी ती पाहिली आणि लिहून दिलं. सिलिंडर आला तो दूध सोसायटीच्या टेम्पोतून, कॅनांच्या मधोमध उभा. तू नाकातली नळी सारखी करत म्हणालीस, "आता वारं बी डेरीतूनच व्हय रं?" त्या वाऱ्यावर तू आणखी काही पंचम्या पाहिल्यास. थोड्याच. मला लई कमी वाटल्या.

पुढच्या तपासणीला मी आहे तसा जाईन, अक्का. ना विडा, ना कविता. निळं असेल ते निळं दिसू देईन. आणि घरी वारं आलं, की तुझी अर्धी राहिलेली ओळ पुरी म्हणेन. हळू म्हणेन, पण पुरी.

तुझा,
बाळू मास्तर

ता. क. सही करून पेन ठेवतोय, तोच कडी वाजली. दारात तुझी सुशी! तू गेल्यापासून पंचमीला या उंबऱ्यात पाऊल टाकलं नव्हतं तिनं. आईविना माहेर कसलं, म्हणायची. हातात मेंदीची वाटी.

"मामा, हात करा की पुढं!"

मी तळहात उघडला. म्हटलं, "इथं टिकली लाव, बाई. नखं तेवढी मोकळी ठेव."