तुझ्या चहातली गोळी

प्रिय आत्या,

तुला जाऊन सव्वा वर्ष झालं. इतके दिवस तुला लिहायचा धीर झाला नाही. आज लिहिते आहे, कारण टेबलावर एक कागद अर्धा लिहून पडला आहे आणि तू मध्ये आल्याशिवाय तो पुढे सरकत नाही.

माझं एमबीबीएसचं शेवटचं वर्ष सुरू होतंय. भिंतीवर वर्षाची आखणी चिकटवली आहे. सकाळी वॉर्ड, संध्याकाळी मेडिसिन आणि सर्जरीचं वाचन. दुपारचे दोन तास मी रिकामे ठेवलेत. त्या वेळात मला मानसोपचाराच्या ओपीडीत बसायचं आहे. इंटर्नशिपमध्ये पंधरा दिवस मर्जीचे मिळतात, तेही तिथेच. पुढे प्रवेश परीक्षेत नंबर लागला तर त्याच विषयात एमडी.

वर्गातल्या मनीषला हे दाखवलं. तो म्हणाला, "अगं, सायकियाट्रीचं पोस्टिंग म्हणजे मेडिसिन वाचायची सुट्टी. तू तिथे वर्षभर जाणार? तुलाच अ‍ॅडमिट करून घेतील." मी हसले. तूही हसली असतीस.

त्या विभागातल्या मॅडमकडे परवानगी मागायला गेले. त्यांनी आखणी शांतपणे वाचली. "हाच विषय का, ते मला सांगू नकोस," म्हणाल्या. "एक केस लिहून आण. पुस्तकातली नको. तू जवळून पाहिलेली. सोमवारी बघू, मग दुपारचं ठरवू."

जवळून मी तुलाच पाहिलं आहे.

मी दहावीत होते. शेजाऱ्यांच्या फोनवर सायखेड्याहून तुझ्या सासरचा निरोप आला, बहिणीला घेऊन जा. सासरचे जेवणात काहीतरी घालतात म्हणून तू जेवण सोडलं होतंस. अण्णा तुला मळ्यात घेऊन आले. पंधरा दिवसांत आपल्या घरचं अन्नही तुला नको झालं. गुलाबाच्या वाफ्यांपलीकडे पंपाच्या खोलीत तू वेगळा स्टोव्ह मांडलास. आई भाकरी घेऊन आली की म्हणायचीस, "वहिनी, आधी तू खा." तिने खाल्ली तरी शिवायची नाहीस. रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस, मला मारायला टपलेत.

माझ्या हातचा चहा तेवढा तुला चालायचा. का, ते मी एकदा विचारलं. "तुला लबाडी जमायची नाय," तू म्हणालीस. "सगळं तोंडावर दिसतं तुझ्या."

बारावीच्या वर्षी अण्णा शहरातल्या डॉक्टरांकडे एकटेच जाऊन आले. तू येणार नव्हतीसच. परत आल्यावर अण्णांनी गोळ्यांची पट्टी माझ्या हातात दिली. "चहात घाल. तिला कळता कामा नये. तुझ्याशिवाय कोणाचं ती घेत नाय."

मी लाटण्याने गोळी चुरडली आणि साखरेबरोबर कपात टाकली. तू प्यायलीस. "आज गोड झालाय," म्हणालीस.

गोळीने तुला बरं केलं, आत्या. हे मी कागदावर लिहिलं आहे आणि ते खरं आहे. दीड-दोन महिन्यांत तू रस्त्यावर जायची थांबलीस. पंपाची खोली सोडून घरात आलीस. शेवंतीचे हार ओवायला आईशेजारी बसायला लागलीस. आईच्या हातची भाकरी तू पहिल्यांदा खाल्लीस, तेव्हा अण्णा उठून मागच्या दाराशी गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

मेडिकलला प्रवेश मिळाला, पण मी हॉस्टेल घेतलं नाही. बसने जाऊन-येऊन केलं. लोकांना वाटलं, मुलीला घराची ओढ आहे.

त्या दिवाळीची सकाळ तुला आठवते? तू कप हातात घेतलास, माझ्याकडे बघितलंस, आणि तो माझ्यापुढे सरकवलास. "आज माझा तू पी."

आई ओट्यापाशी थबकली. मी प्यायले. तळाशी राहिलेलंही प्यायले. तू बघत होतीस. मग माझा कप उचललास आणि म्हणालीस, "उगं संशय घेतला बाई लेकरावर."

दिवसभर मी झोपून होते. संध्याकाळी मान एका बाजूला आखडली, जीभ जड झाली. आई घाबरून मानेला शेक देत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझा चहा केला. गोळी घातली. तू कप बदलला नाहीस. पुन्हा कधीच बदलला नाहीस.

एकदाच का गं बदललास? आणखी एकदा सरकवला असतास, तर प्यायला नाही म्हणून मला खरं सांगता आलं असतं का? सगळं काही माझ्यावर सोडून मोकळी झालीस.

दुसऱ्या वर्षी औषधांच्या तासाला माझ्या त्या मानेचं नाव कळलं. त्याच पानावर, त्याच गोळीच्या दुष्परिणामांत, तुझे हात होते. थरथर, ताठरपणा. तेव्हा तुला सुईत दोरा घालता येईनासा झाला होता. मार्गशीर्षात एका सकाळी तू हात माझ्यापुढे धरलेस. "वैशे, डॉक्टर होणार ना तू? मग बघ की. माझं का ऐकत नाहीत हे?"

उत्तर मला येत होतं. डोस कमी करायचा, नाहीतर जोडीला आणखी एक गोळी. पण तुला ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "थंडी आहे, आत्या."

डॉक्टरांना विचारा, असं मी अण्णांना म्हटलं. ते म्हणाले, "चाललंय ते चालू दे. परत रस्त्यावर उभी राहिली म्हणजे?" मी पुन्हा विषय काढला नाही.

आणि तू माझं ऐकलंस. अण्णांचे जुने लोकरी मोजे हातांत घालून बसायला लागलीस. चैत्र आला, शेजारच्या मळ्यात द्राक्षांची तोड संपत आली, तरी तुझ्या हातांत मोजे. कोणी हसलं तर सांगायचीस, "आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

पुढच्या हिवाळ्यात तू न्यूमोनियाने गेलीस. गोळीने नाही. दवाखान्याचे कागद मी तीनदा वाचले. खात्री झाल्यावर बरं वाटायला हवं होतं.

तर तो अर्धा कागद. त्यात रुग्णाच्या समजुती लिहायची एक ओळ आहे. मी लिहिलं, "घरचे लोक अन्नात काहीतरी घालतात, असा भ्रम." आणि तिथे हात थांबला. सायखेड्यात तो भ्रम होता. पंपाच्या खोलीतही भ्रमच होता. पण लाटणं हातात घेतल्यापासून? त्या दिवसापासून तुझं म्हणणं खरं होतं, आणि आम्ही सगळे तुला बरी समजत होतो, कारण तू ते म्हणणं सोडलं होतंस.

काल अण्णांनी कागद वाचला. चष्मा काढून ठेवला. "हे बाहेर कशाला? तू वाईट नाय केलं. तीन वर्षं माझी बहीण माझ्या घरात जेवली. गोळी ती स्वतः घ्यायची, असं लिही. कोण विचारायला येतंय?"

कोणीच येणार नाही. तसं लिहिलं तर केस चांगली दिसेल, दुपारचे दोन तास मिळतील. खरं लिहिलं तर मॅडम म्हणू शकतात, तू या खोलीत बसायला नको. त्यांचं चुकेल का? सकाळपासून मला ठरवता आलेलं नाही. अण्णाही चुकतात असं मला म्हणता येत नाही. तू त्या रस्त्यावरच राहिली असतीस तर काय झालं असतं, हे मीही पाहू शकते.

कागदाच्या डोक्यावर आणखी एक ओळ असते. माहिती कोणी दिली, रुग्णाशी नातं काय, आणि ती व्यक्ती भरवशाची आहे का. ती मी कोरी सोडली होती. हे पत्र लिहिता लिहिता भरली. वैशाली, भाची. भरवशाची नाही. भ्रमाच्या ओळीखाली लिहिलं, "पुढची तीन वर्षं हे खरं होतं. मी घालत होते."

सोमवारी कागद देईन. दुपारचे तास मिळोत किंवा न मिळोत, तुला एक सांगून ठेवते. ज्याला गोळी देईन त्याच्या तळहातावर देईन, नाव सांगून. त्याने फेकली तर उचलून उद्या पुन्हा विचारीन. आणि कोणी थरथरते हात पुढे केले, तर थंडी आहे असं म्हणणार नाही.

मोजे धुऊन माझ्या कपाटात ठेवले आहेत.

तुझी,
लबाडी जमलेली
वैशे