गुरूच्या पुढे कोण, मागे कोण

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग खराखुरा आहे. छत रंगवून मान अशी धरली आहे की पालथं पडूनच लिहिते आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला थांबला का? इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू मनावर घेऊ नकोस.

तुझे दोन्ही भाऊ, म्हणजे माझे बाबा आणि काका, वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत हे तुला ठाऊकच आहे. कारण काय, तर दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव आधी! (जन्मभर लोकांच्या पाट्या रंगवल्या, स्वतःची अजून कोरी.) शेजारी बसतात आणि मला लांबून हाक मारून सांगतात, "त्याला म्हणावं, पांढरा डबा दे." आता तर ठरलंय की हे हातातलं काम झालं की दुकानात मधोमध भिंत घालायची. जिथे मी बसते, बरोबर तिथूनच ती जाणार आहे. मी कुठे बसायचं, हे कुणी विचारलेलं नाही.

हातातलं काम म्हणजे बालवाचनालयाचं छत. ग्रंथपाल बाईंना त्यावर सूर्यमाला हवी, आणि नुसत्या ग्रहांवर भागेना, ट्रोजन लघुग्रहही हवेत. म्हणजे असं की, गुरू ग्रह ज्या वाटेनं सूर्याभोवती फिरतो त्याच वाटेवर दगडधोंड्यांचे दोन थवे फिरतात. एक गुरूच्या पुढे, वर्तुळाच्या सहाव्या हिश्शाइतका, आणि दुसरा तेवढाच मागे. सूर्य आणि गुरू यांच्या ओढीचा मेळ असा बसतो की पुढचा निसटत नाही आणि मागचा गाठत नाही. बाई बिचाऱ्या रंगून सांगत होत्या आणि मी बाबा-काकांकडे बघत होते. एक पुढे, एक मागे, आणि तेही आमच्या घरात!

बाबा लगेच म्हणाले, "थोरला मी. पुढचा थवा माझा." काका मला म्हणाले, "त्याला सांग, मी काय शेपूट आहे मागे लोंबायला?" वर्तुळाला कसलं आलंय पुढे-मागे, असं शहाणपण मी पाजळलं, तर दोघांनीही रंगाचे ब्रश माझ्यावर झटकले. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि पुढचा थवा बाबांना गेला. त्यात बाईंनी सांगितलं की पुढच्या थव्यात दगड जास्त सापडले आहेत. तेव्हापासून बाबा घरभर शीळ घालत हिंडत होते आणि काका जेवणावर राग काढत होते.

काल रंग वाळला. बाईंनी खाली उभं राहून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हे सगळे उलटे फिरतायत!" आपली पद्धत तुला माहीत आहे. आराखड्याच्या कागदाला टाचणीनं भोकं पाडायची, कागद छताला धरायचा आणि खडूच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची, म्हणजे भोकांतून छतावर ठिपके उमटतात. तो कागद मी पाठीकडून धरला होता. (मान वर करून तू धरून दाखव.) ग्रह आहेत तिथे राहू देत, फिरण्याची दिशा दाखवणारे बाण तेवढे उलटे करा, असं बाई म्हणाल्या. त्यांना काय जातंय म्हणायला? बाण उलटे केले की काका पुढे आणि बाबा मागे! हे मी बाबांना कुठल्या तोंडानं सांगू? ते ऐकल्यावर भिंत उद्याच उभी राहील. मला खरंच रडू येतंय, आत्या. दोघं ऐकतात ते फक्त तुझं. मिळेल त्या गाडीनं निघून ये.

तुझी मान मोडलेली,
भाची

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी धीर करून सांगून टाकलं. बाबांनी वर छताकडे पाहिलं. मग मला वगळून सरळ काकांना म्हणाले, "बघितलंस? कागद उलटा धरला हिनं." काका म्हणाले, "दादा, मला आधीच शंका होती." काका चक्क 'दादा' म्हणाले, आत्या! मग दोघांनी मिळून माझी जी खरडपट्टी काढली म्हणतेस! माझे न धुतलेले ब्रश, माझं अक्षर, माझी शाळेतली चित्रकला, काही म्हणून सोडलं नाही. आता एकाच परांचीवर चढून बाण पुसतायत आणि वरून आळीपाळीनं माझा उद्धार चाललाय. भिंतीचं नाव अजून कुणी काढलेलं नाही.

ता. क. (दुसरा) तू येऊ नकोस. आलीस की माझी बाजू घेशील, त्यांना दटावशील आणि ते गप्प बसतील. सध्या त्या दोघांना बोलायला माझ्या मूर्खपणाशिवाय दुसरा विषय नाही. त्यापेक्षा त्यांना एक पत्र लिही आणि त्यात माझ्याबद्दल आठवेल तेवढं वाईट लिही. मात्र लवकर लिही. बाण आता थोडेच उरलेत.