वेदीपुढच्या सिंहाच्या खुर्च्या

पांढुर्णा
३ जानेवारी २०२५

ती. रघुनाथकाकांस,
अमिताचा प्रेमाचा सलाम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पत्र. अठरा तारखेच्या लग्नाची धावपळ चालू आहे. आई दिवसातून दहा वेळा कपाट लावते.

एक गोष्ट भीतभीत लिहिते. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, केतनच्या आईंनी, मंडपवाल्याकडून राजा-राणीच्या खुर्च्या ठरवल्यात. लाल मखमल, हातांवर सोनेरी सिंह. त्या जेवणाच्या मंडपात नाही, आपल्या सौंसरच्या चर्चमध्ये, वेदीपुढे मांडायच्या आहेत. त्या म्हणून राहिल्या की एक दिवस तर पोरांना राजा-राणी होऊ द्या. खरं सांगू, मलाही हौस आहे. बाबा गेल्यापासून आमच्या घरात थाट असा झालाच नाही.

तुम्ही नाक मुरडणार, माहीत आहे. पण बाबांच्या जागी हात धरून मला आत तुम्हीच न्यायचं आहे. इंदूकाकूंना सलाम.

तुमची लाडकी (अजून तरी),
अमिता

सौंसर
७ जानेवारी

चि. अमितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. काकूने ते माझ्या खांद्यावरून वाचले आणि मी रागावण्याआधीच पाण्याचा पेला पुढे केला.

पोरी, त्या वेदीपुढे तुझे आजोबा, तुझे वडील, मी, सगळे साध्या लाकडी स्टुलावर बसून लग्न लावून आलो. मी दारात चपला काढतो, त्या उगाच नाही. आत राजा आहे. त्याच्यापुढे दुसरे सिंहासन मांडायचे, वर त्याच्याकडेच पाठ करून बसायचे? मला पाहवणार नाही. खुर्च्या आत असतील तर मी आत येणार नाही. हात धरायला दुसरे कोणी बघा.

काकू म्हणते, म्हातारा हटून बसला, काही ऐकूनच नाही राहिला. म्हणू दे. लिहिताना मलाही जड गेले.

तुझा,
रघुनाथकाका

पांढुर्णा
१२ जानेवारी

ती. काकांस,
सलाम.

तुमचं पत्र वाचून रडले आणि मग चिडले. काल केतनबरोबर सौंसरला खुर्च्या मांडून पाहायला आले होते. तुमच्या दारावरून गेले, आत आले नाही. राग होता.

चर्चमध्ये खुर्चीत ऐटीत बसले. केतन फोटो काढत होता. आणि एकाएकी वाटलं, जणू मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसले आहे आणि ते मागे येऊन उभे आहेत. वळून पाहिलं तर वेदी आणि क्रूस, नेहमीचाच. मार बसेल अशी भीती नव्हती, काका. फार मोठं कोणी अगदी जवळ आहे आणि ते आपलं आहे, असं वाटून छाती भरून आली. मला बसवेना.

खुर्च्या बाहेरच्या मंडपात जाणार. सासूबाई फुगल्यात, निवळतील. आता तरी याल ना?

वाट पाहणारी,
अमिता

सौंसर
१२ जानेवारी

चि. अमितास,
आशीर्वाद.

तुझे उत्तर नाही. मी लिहिलेच तसे होते. देवाचे राज्य यावे म्हणून रोज प्रार्थना करतो, आणि आज प्रार्थनेत मधेच जीभ अडली. त्याच्या दारातून कोणी आत यावे हे मी कोण ठरवणार? दोन मखमली खुर्च्यांनी ज्याचे राज्य डळमळेल तो राजा कसला! खुर्च्या मला आवडलेल्या नाहीत, आवडणारही नाहीत. पण तू त्यांवर बस, नाहीतर घोड्यावर बस. हात मीच धरणार.

तुझाच,
काका

लोधीखेडा
२१ जानेवारी

ती. काकांस,
तुमच्या अमिताचा सासरहून सलाम.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली, याची इथे अजून चेष्टा चालते. मंडपातल्या त्या खुर्च्यांवर सासूबाई आणि इंदूकाकूंनीच सर्वांत जास्त फोटो काढून घेतले.

एक मात्र लिहायलाच हवं. चर्चच्या दारात तुमचा हात इतका कापत होता की मी घाबरले. बरं वाटत नाही का, असं तुमच्या कानात ओरडून विचारलं. तुम्ही आपल्या मते हळू बोललात, ऐकलं सगळ्या चर्चने. म्हणालात की लहानपणापासून या दारातून आत जाऊन राहिलो, दर वेळी हात असाच कापतो. राजापुढे जायचं आहे, आणि आज तर लेकीला घेऊन.

मग माझाही हात कापायला लागला, आणि आपण आत गेलो.

माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
अमिता